नागानोच्या आजीबाईंचें स्वयंपाकघर

परदेशीं जाऊन आलेल्या माणसास "तिकडे काय पाहिलेंत?" असें सर्वजण विचारतात, "तिकडे काय चुकलांत?" असें सहसा कोणी विचारीत नाहीं. माझ्या प्रवासांतली खरी शिदोरी मात्र या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे; म्हणून तेंच आज वाचकांपुढें ठेवतें.

मेजी युगारंभाच्या शताब्दीनिमित्त जपान सरकारनें १९६७ सालीं आपल्या तरुणांसाठीं एक सफरीचें जहाज काढलें. पुढें १९८८ पासून त्या उपक्रमास जागतिक स्वरूप आलें आणि नाना देशांचीं मुलेंमुली जपानी तरुणांबरोबर कांहीं आठवडे समुद्रावर एकत्र राहूं लागलीं. कांहीं वर्षांपूर्वी अशाच एका सफरीसाठीं भारतीय तुकडीची प्रमुख म्हणून माझी निवड झाली. घरांत पेढे वांटले गेले. आजीनें मात्र पाठीवरून हात फिरवून एवढेंच सांगितलें, "कुठेंही जा, पण आपलें ताट सांभाळ."

निघण्यापूर्वी दिल्लींत आमची तयारी चालली होती. 'भारतीय घर' या विषयावर एक चित्रफलक करावयाचा होता. तुळशीवृंदावन, केळीचें पान, वरणभात, पुरणपोळी अशीं चित्रें मीं उत्साहानें निवडलीं. आमच्यांतल्या नागालँडच्या एका तरुणानें आपल्या आईच्या चुलीचें छायाचित्र पुढें केलें. चुलीवर धुरांत मांस सुकत टांगलें होतें. "हें पाहून परदेशीयांचा गैरसमज होईल," असें म्हणून मीं तें बाजूला ठेवलें. तो एवढेंच बोलला, "दीदी, तें घरही भारतांतच आहे." मीं ऐकून न ऐकल्यासारखें केलें. हातीं आलेला अधिकार माणसाला किती लवकर बहिरा करतो!

जहाज सुटण्यापूर्वी आम्हां सर्वांस निरनिराळ्या गांवीं, जपानी कुटुंबांत दोन दिवस पाहुणे म्हणून राहावयाचें होतें. माझ्या वांट्यास नागानो आलें. तोकियोहून वेगवान आगगाडीनें दीड तासाच्या आंतबाहेर येथें पोंचतां येतें. चहूंकडे डोंगर, आणि त्या दिवसांत छपरांवर हातभर बर्फ. घरांत निवृत्त शिक्षक, त्यांची पत्नी आणि ऐंशी वर्षांच्या मातोश्री. ठेंगण्या मेजाखालीं शेगडी, मेजावरून पसरलेली दुलई आणि तींत पाय घालून बसलेलें सारें कुटुंब! आपल्याकडील माजघरांतल्या गप्पांची मला आठवण झाली.

दुसऱ्या दिवशीं आजीबाई मला झेन्कोजीच्या बुद्धमंदिरांत घेऊन गेल्या. या स्थानाचा इतिहास सातव्या शतकापासून सांगतात. सध्यांची भव्य लांकडी वास्तु १७०७ सालची आहे. मूळ मूर्ति कोणालाही दाखवीत नाहींत. स्त्रियांना हें दार पूर्वापार मोकळें, आणि मंदिराच्या दोन प्रमुखांपैकीं एक भिक्षुणी असते, हें ऐकून मला नवल वाटलें. एका अश्रद्ध म्हातारीचें वाळत घातलेलें कापड बैलानें शिंगावर उचललें, आणि त्याच्यामागें धांवतां धांवतां ती या देवळांत येऊन पोंचली, अशी येथील लोककथा आहे. गाभाऱ्याखालीं काळ्याकुट्ट अंधाराची एक वाट आहे. भिंत चांचपत जावें आणि वाटेंतल्या कुलुपास हात लावावा, म्हणजे बुद्धाशीं नातें जडतें असें मानतात. त्या अंधारांत मी आजीबाईंची बाही घट्ट धरून चाललें.

घरीं परतल्यावर स्वयंपाकघरांत डोकावलें आणि काळजांत चर्र झालें. भांड्यांत उकळणाऱ्या पाण्यांत त्या कसलासा पातळ कीस टाकीत होत्या. तो होता धूर देऊन, वाळवून लांकडासारख्या कठीण केलेल्या माशाचा. मी मांसमच्छी खात नाहीं हें त्यांना कळविलेलें होतें. परंतु साराच्या मुळाशीं असलेल्या या पाण्यास त्या घरांत कोणी मासा समजतच नव्हतें. म्हणजे आदल्या रात्रीं मीं मिटक्या मारीत प्यायलेलें सारही तेंच!

बोलावें कीं गप्प राहावें? शेवटीं मीं सूनबाईंना हळूच सांगितलें. त्यांनीं तें सासूबाईंस सांगतांच त्या वृद्ध बाई माझ्यापुढें इतक्या वांकल्या कीं मला मेल्याहून मेल्यासारखें झालें. चूक त्यांची नव्हतीच. त्या रात्रीं मीं नुसता भात व लोणचें खाल्लें, आणि जेवणावर कोणाचेंच मन लागलें नाहीं.

सकाळीं उठून पाहतें तों ओट्यावर एक पातेलें झांकून ठेवलेलें. आजीबाईंनीं रात्रींच समुद्रांतली कोंबू नांवाची वनस्पति आणि वाळलेली अळंबी भिजत घातली होती. बौद्ध मठांत भिक्षूंसाठीं सार करतात तें याच पाण्याचें. बरोबर त्या प्रांतांत प्रसिद्ध असलेल्या कुट्टूच्या पिठाच्या शेवया होत्या. मी पहिला घोंट घेईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आणि मग हंसल्या.

माझ्या एका ताटासाठीं त्यांनीं आपली रोजची रीत बाजूला ठेविली; आणि मीं माझ्याच देशांतल्या एका आईची चूल फलकावरून काढून टाकिली होती!

जहाजावर पोंचतांच मीं त्या तरुणाची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. तें छायाचित्र त्यानें केळीच्या पानाशेजारीं आपल्या हातानें लाविलें.

घरीं आल्यावर आजीला सर्व सांगितलें. तिला अळंबीही चालत नाहीं. क्षणभर तिनें नाक मुरडलें. मग म्हणाली, "त्या बाईनें तुझें ताट सांभाळलें. तूं त्या मुलाचें सांभाळलेंस ना?"

"सांभाळलें," मी म्हणालें, "पण उशिरां."