वाटेचें दान

मोटारीचा षोक शाळामास्तराला शोभत नाहीं, असें आमच्या घरांतील वडील मंडळींनीं मला अनेकवार बजावलें होतें. संस्कृत शिकविणाऱ्यानें फार तर शाकुंतलांतल्या रथाविषयीं बोलावें, स्वतः रथ बाळगूं नये! तथापि १९८७ सालीं प्रॉव्हिडंट फंडांतून कर्ज काढून मीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी वाईस घरीं आणलीच. तेव्हांपासून मोटारी आणि त्या हांकणारे ह्या दोहोंविषयीं माझीं कांहीं मतें बनलीं आहेत. तीं एका पेन्शनराचीं आहेत, हें ध्यानांत ठेवून वाचकांनीं ऐकावींत.

पद्मिनी म्हणजे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतील गाडी. मूळची इटलीची फियाट, पण नांव राजपूत राणीचें. इंजिन १०८९ सी.सी.चें आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच लावलेला. थंडीच्या सकाळीं चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. चढावर थांबून पुन्हां निघणें ही तर माझी वार्षिक परीक्षाच! एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर आणि हात हँडब्रेकवर. ह्या विद्येंत माझाच पाय शेवटपर्यंत कच्चा राहिला. म्हणून आमच्या सौ.च्या पायांशीं एक त्रिकोणी दगड कायमचा असे. गाडी मागें सरूं लागली कीं ती उतरून तो चाकामागें लावी, आणि मग मी वर्गांत नापास झालेल्या मुलासारखा तिच्याकडे न बघतां गाडी सुरू करीं.

दोन वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं मला नवी गाडी घेऊन दिली. तिला क्लच नाहीं. किल्ली खिशांत असली म्हणजे पुरते. पट्टा बांधला नाहीं तर ती ओरडते, मागें भिंत आली तर ओरडते. इतक्या सूचना मीं नववीच्या वर्गालाही कधीं दिल्या नाहींत. वारा कमी करावयाचा तर कांचेच्या पाटीवर बोट फिरवीत बसावें, आणि तेवढ्या वेळांत समोरची म्हैस कोठें गेली तें देवावर सोंपवावें. मात्र चढावर थांबल्यास ब्रेक ती आपला आपणच धरून ठेवते. त्यामुळें दगडाची नोकरी सुटली, आणि तो आमच्या तुळशीवृंदावनापाशीं सेवानिवृत्त होऊन बसला.

हांकणाऱ्यांविषयीं तर बोलूंच नये. सरळ जावयाचें म्हणून चौकांत चारी दिवे लुकलुकविणारे पाहावे, समोरच्याला आंधळा करून आपली वाट उजळणारे पाहावे! जमीन उंचसखल दिसतांच दुष्यंताचा सारथी लगाम आंवळतो, आणि आश्रमवासीयांना उपद्रव नको म्हणून राजा रथ बाहेरच थांबवितो. आमचे राजे इस्पितळाच्या दारांतही हॉर्न वाजवितात.

असें मी येईल त्याला ऐकवीत असें. परंतु गेल्या श्रावणांत आम्ही दोघें पांचगणीहून पसरणीच्या घाटानें वाईस उतरत होतों. एका वळणावर पावसानें दगडमाती खालीं आल्यामुळें रस्ता निम्माच उरला होता. खालून गोण्यांनीं भरलेला एक जुना टेंपो रखडत चढत होता. अरुंद घाटांत उतरणाऱ्यानें थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असें मोटार चालविण्याविषयींच्या २०१७ सालच्या नियमांत स्पष्ट आहे. तें मीं नातवंडांकडून घोकूनही घेतलें आहे. पण मी थांबलों नाहीं. घाई मुळींच नव्हती. बैठक उंच, कांचा बंद, आंत गार वारा. त्या इंजिनाचें कण्हणें माझ्या कानांपर्यंत आलेंच नाहीं. मीं हॉर्न दिला आणि पुढें घुसलों. टेंपो थांबला, बंद पडला, आणि मागें सरूं लागला. आंतला पोरगा उडी टाकून दगड शोधीत धांवला.

सौ. इतकेंच म्हणाली, “अहो, दगड लावायला मी उतरूं का?”

मीं गाडी मागें घेऊन कडेला लावली, उतरलों, आणि त्या पोराच्या मदतीला गेलों. टेंपोवाला रागावला असता तर बरें झालें असतें. तो म्हणाला, “असूं द्या काका, होतंय असं.”

कोणाला वाट द्यावी, ह्याची यादी गौतमधर्मसूत्रांत आहे. गाडींत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, अनुग्रहास पात्र असा दुर्बळ, स्त्री, स्नातक आणि राजा. त्यांत गाडीवाला पहिला, म्हणून आजवर मी हंसत असें. पण वाट देण्याला सूत्रकारानें ‘दान’ हा शब्द योजिला आहे, ह्याचा विचार मीं त्या रात्रीं प्रथमच केला. दान करावयाचें तर दुसऱ्याची अडचण आधीं दिसावी लागते. जुन्या गाडींत चढाची भीति माझ्या पायाला ठाऊक होती, म्हणून दुसऱ्याचा चढ मला कळे. नव्या गाडीनें भीति घालविली. तिच्याबरोबर ती कळही मीं जाऊं दिली. हा दोष गाडीचा नव्हे.

पद्मिनीच्या टॅक्स्या २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. आमची पद्मिनी त्यापूर्वींच गेली होती. तुळशीपाशींचा दगड मात्र मीं उचलून पुन्हां सौ.च्या पायांशीं ठेविला आहे. गाडीला त्याचा कांहीं उपयोग नाहीं. घाट आला कीं ती तो पायानें हळूच सरकविते, आणि मी वेग कमी करितों.