दिवाळखोरीचा परवाना

आमच्या घराण्यात दिवाळे पुष्कळांनी काढले, पण त्याचा सरकारी परवाना कुणाकडे नव्हता. 2016 च्या कायद्याने दुसऱ्याची दिवाळखोरी रीतसर निस्तरणारे परवानाधारक निघाले, हे वाचले आणि जुन्नरच्या शाखेत बावीस वर्षे खर्डेघाशी करणाऱ्या माझ्यातला बी.कॉम. जागा झाला.

"आधी वाण्याची उधारी निस्तरा," सौ. म्हणाली.

परीक्षा दोन तासांची, पास व्हायला 60 टक्के, उत्तर चुकले की गुण कापणार. म्हणजे परीक्षेतच दिवाळे निघायची सोय! पण मी अडलो पात्रतेत. सी.ए., वकील यांना 10 वर्षांचा अनुभव पुरे. नुसत्या पदवीधराला व्यवस्थापनाची 15 वर्षे हवीत. मी बावीस वर्षांत व्यवस्था केली ती साहेबांच्या चहाची.

तरी वाचन सोडले नाही. कारण आमचा एक खातेदार. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला, याचे हप्ते थकले, आणि रोज रामराम घालणारा हा गडी एस.टी.त मी दिसलो की खिडकीबाहेर बघू लागला. त्याच्यासाठी पाने उलटली. तर नव्या कायद्यातला माणसांचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता! आम्हां बाकीच्यांना इंग्रजांचा 1920 चा. त्यात अर्जासाठी कर्ज निदान 500 रुपये हवे. ही अट आमची अख्खी आळी पुरी करते.

खरे तर बुडणे आमच्याकडे नवे नाही. खुद्द आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याने नाव टाकले नाही, कारभार घोडेगावातून चालतो. बँकेत मात्र 'बुडीत' म्हटले की माणूसच पुसला जातो. 1875 साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, तेव्हा 1879 च्या कायद्याने समेट घडवणारे मध्यस्थ नेमले होते. म्हटले, हे काम बिनपरवाना जमेल.

दुसऱ्या शनिवारी त्याच्या बांधावर गेलो.

"वसुलीला आलाव, साहेब?"

"छे! चहाला."

वहीच्या मागच्या पानावर यादी केली: बँक, खतवाला, मेहुणा. बेरीज बघून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "एवढंच व्हय? मला वाटायचं, लई हाय."

सोमवारी त्याला घेऊन साहेबांपुढे बसलो, हप्ते पाडून मागायला. चहाची व्यवस्था अर्थात माझीच होती.