पायाखालची अर्थिंग

आमच्या पांढुर्ण्याकडे 'अर्थिंग' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो तो संत्र्याच्या बगिच्यात. विहिरीवरच्या मोटरच्या खोलीमागे एक खड्डा असतो. त्यात मीठ, कोळसा आणि मधोमध गाडलेला लोखंडी पाइप. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती पार कोरडी झाली की तिच्यात करंट नीट उतरत नाही, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं लागतं. अर्थिंग चांगली असली तर मोटरमध्ये बिघाड झाला तरी करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. नसली तर स्टार्टरला हात लावणारा माणूसच करंटची वाट होतो. बाबांनी मला हे चौथी-पाचवीतच समजावून सांगितलं होतं.

याच शब्दाचा दुसरा अर्थ मला कॉलेजमध्ये आल्यावर कळला. तामियाला आमचं निसर्ग शिबिर होतं. पांढुर्ण्याहून सौसर, छिंदवाडा, परासिया करत गेलं की सातपुड्याच्या कड्यावर हे गाव लागतं. तिथून खाली पातालकोटची दरी दिसते. आमच्या तंबूंजवळ लाइट नव्हती, मोबाइलला नेटवर्क नव्हतं. सकाळी शिबिराच्या ताईंनी सगळ्यांना बूट काढायला लावले आणि दव पडलेल्या गवतावर वीस मिनिटं चालायला सांगितलं. "याला अर्थिंग म्हणतात," त्या म्हणाल्या. "जमिनीतले इलेक्ट्रॉन आपल्या शरीरात येतात, सूज कमी होते, झोप चांगली लागते."

खरं सांगते, फार छान वाटलं. पहिली दोन मिनिटं पाय गारठले, मग हळूहळू प्रत्येक खडा, प्रत्येक काडी वेगळी कळायला लागली. आम्ही बावीस जणी बडबड करत निघालो होतो, पाच मिनिटांत आपोआप गप्प झालो. बूट घातले असताना आपण पुढे बघून चालतो. अनवाणी असलो की पाऊल टाकण्याआधी जमीन बघतो. चाल मंदावते आणि डोकंही जरा शांत होतं.

पण एक गोष्ट मला खटकत राहिली. आमच्यासोबतचा वाटाड्या, तिथलाच विशीतला मुलगा, गमबूट घालून उभा होता. मी विचारलं, तुम्ही नाही काढत? तो हसला. त्यानं हिंदीत सांगितलं की लहानपणी बूट नव्हते म्हणून तो रोजच अनवाणी होता, आता आहेत.

घरी येऊन मी या अर्थिंगबद्दल वाचलं. क्लिंट ओबर नावाच्या, केबल टीव्हीच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या अमेरिकन माणसानं ही कल्पना लोकप्रिय केली. 2010 मध्ये त्यांचं आणि दोन सहलेखकांचं 'अर्थिंग' याच नावाचं पुस्तक आलं. त्यातली एक गोष्ट साध्या विज्ञानाची आहे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की शरीर आणि जमीन यांचा विद्युतदाब सारखा होतो. मात्र त्यामुळे झोप, सूज, रक्तदाब सुधारतो हा दावा वेगळा. त्यामागचे प्रयोग छोटे आहेत. 2004 मधल्या ज्या प्रयोगाचा दाखला सारखा दिला जातो, त्यात फक्त बारा माणसं होती. तेवढ्यावर औषध ठरत नाही. आता तर घरात वापरायच्या अर्थिंगच्या चटया आणि चादरी विकायला आहेत. त्यांची वायर सॉकेटच्या तिसऱ्या भोकात खोचायची असते. आमच्याकडच्या कितीतरी घरांत त्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे त्या विकणाऱ्यांना कोण सांगणार!

माझी आजी आयुष्यभर अनवाणी कापूस वेचायला गेली. आजच्या भाषेत तिनं पन्नास वर्षं अर्थिंग केलं. तिच्या टाचांना एवढ्या भेगा होत्या की रात्री ती त्यात मेण भरायची. चप्पल होती, पण ती बाजाराच्या दिवसापुरती, बाकी वेळ भिंतीला टांगलेली. अनवाणी शेतात जाणाऱ्यांना अंकुशकृमी होतात. या जंताच्या अळ्या घाण मातीतून थेट तळपायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. गावातल्या कितीतरी बायका रक्त कमी, रक्त कमी म्हणत जगल्या, त्याचं एक कारण पायाखाली होतं. म्हणून मला वाटतं, ज्याच्याजवळ बूट आहेत त्यानं ते काढणं आणि ज्याच्याजवळ नाहीतच त्यानं तसंच चालणं, या दोन गोष्टींना एकच नाव देता येत नाही.

हे सगळं माझ्यासाठी वाचनापुरतं राहिलं असतं. पण बाबांची नागद्वारची वारी आली.

नागद्वार पचमढीच्या पुढे, धूपगडाच्या बाजूच्या डोंगरांत आहे. हा सगळा भाग सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो. वर्षभर ती वाट बंद असते आणि नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवसच उघडते. विदर्भातून आणि आमच्या भागातून लाखांनी लोक जातात. ऐन पावसात चिखल, निसरडे दगड, ओढे, लोखंडी शिड्या पार करत डोंगरामागून डोंगर चढायचे, रात्री एखाद्या मंडळाच्या ताडपत्रीखाली झोपायचं, त्यांनीच वाढलेला भात-वरण खायचा. शहरातली माणसं ज्याला 'ऑफ-ग्रिड कॅम्पिंग' म्हणतात ते आमच्याकडची म्हातारी माणसं कितीतरी वर्षांपासून करत आली आहेत. बाबा तेवीस वर्षं जात होते आणि तेवीसही वर्षं अनवाणी. तो त्यांचा नेम.

बाबांना अकरा वर्षांपासून शुगर आहे. यंदा जायच्या महिनाभर आधी मी त्यांना तपासायला नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एका बारीक नायलॉनच्या धाग्यानं तळपायाला वेगवेगळ्या जागी स्पर्श केला. "कळलं की हो म्हणा." धागा अंगठ्याला लागला, बाबा गप्प. बोटांच्या मागे लागला, गप्प. धागा कुठेच लागलेला नव्हता तेव्हा ते म्हणाले, "हो." मग डॉक्टरांनी चिमट्यानं त्यांच्या टाचेच्या बाजूनं बाभळीचा काटा काढला. चांगला नखाएवढा. तो कधी घुसला ते बाबांना माहीत नव्हतं.

परत येताना गाडीत बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे मोटर चालू हाय, अर्थिंगची तार तेवढी तुटली."

मी म्हटलं, "बाबा, यंदा बूट घालून चला."

"तेवीस वर्स झाले पोरी. देवाच्या वाटेनं बूट घालून जाऊ काय?"

"तुम्हाला काटा टोचलेला कळत नाही, बाबा. तिथे तीन दिवस चिखलात कोण बघणार?"

"देव बघते ना."

यावर मी काय बोलणार? पायताण काढून देवासमोर उभं राहणं ही काही लहान गोष्ट नाही. देवळात, मशिदीत, गुरुद्वारात आपण तेच करतो. बायबलमध्येही जळत्या झुडपापुढे मोशेला पायतले जोडे काढायला सांगितले जातात, कारण ती भूमी पवित्र आहे. बाबांचा नेम मोडायला लावणं मलाही सोपं नव्हतं. पण तळपायाची जखम न कळणं म्हणजे काय हे आमच्या शेजारच्या घरात आम्ही पाहिलं होतं. तिथल्या काकांचा पाय एका फोडापासून गुडघ्यापर्यंत गेला.

शेवटी तोडगा आईनं काढला. ती म्हणाली, "वाट देवाची अन् गुफाही देवाचीच. वाटेनं बूट घाला, गुफेपाशी काढा. नेम मोडला म्हनून देव रुसला तर माह्या नावावर टाका." बाबा हसले. दुसऱ्या दिवशी आम्ही एक नंबर मोठे कॅनव्हासचे बूट आणि चार जोड पांढरे मोजे आणले. पांढरे अशासाठी की रक्त आलं तर लगेच दिसावं.

मीही सोबत गेले. निघण्याआधी रात्री कुठे नि कसं झोपायचं ते आम्ही ठरवून घेतलं. एका मोठ्या अभ्यासाच्या अंदाजानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू पावसाळ्यात झाले आणि मध्य प्रदेश जास्त मृत्यूंच्या राज्यांपैकी एक आहे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा चावल्याचं कळतही नाही. म्हणून जमिनीला अंग लावून झोपण्याचा हट्ट रानात करू नये. आम्ही मच्छरदाणी नेली, तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घातला नाही. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग गडगडायला लागले तेव्हा उघड्या माथ्यावरून लगेच खाली उतरलो. आसपास वीज पडली तर तिचा करंट जमिनीतून पसरतो आणि एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरू शकतो. अशा वेळी आसरा नसेलच तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. त्या क्षणी जमिनीशी जितका कमी संबंध तितका बरा.

संध्याकाळी ताडपत्रीखाली मी बाबांचे पाय मांडीवर घेऊन टॉर्चच्या उजेडात बघायची. बोटांच्या बेचक्या, टाच, तळवा. कोमट पाण्यानं धुऊन कोरडे करायची. पहिल्या दिवशी मंडळातले लोक हसले. "भाऊ, पोरगी पाय दाबते काय?" बाबा म्हणाले, "दाबत नाई, वाचते." दुसऱ्या दिवशी एक आजोबा सरकत जवळ आले आणि म्हणाले, "बाई, माह्येही पाह्य जरा." मग आणखी एक. तीन रात्रींत मी नऊ जणांचे पाय पाहिले. त्यातल्या एकांच्या करंगळीखाली जखम होती, त्यांना पत्ताच नव्हता. सकाळी त्यांना वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे नेलं.

गुफेपाशी बाबांनी बूट काढले. मी पुढे होऊन दगड बघून घेतले. ते हळूहळू आत गेले, परत आले, काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

अर्थिंगबद्दल मला कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगते. जरूर करा. स्वच्छ जागा बघा, दिवसाउजेडी करा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. शुगर असेल तर आधी पाय तपासून घ्या. इलेक्ट्रॉनचं मला ठाऊक नाही, पण जमिनीकडे लक्ष जातं हे नक्की. आणि ज्याला जमीन कळते त्यानं ज्याला कळत नाही त्याचे पाय बघावेत.

सुटीत घरी गेले की मी सकाळी अंगणात अनवाणी फिरते. बाबा ओसरीवर बूट घालून चहा पीत बसलेले असतात. ते विचारतात, "कशी हाय जमीन?" मी थांबून नीट सांगते. गार आहे बाबा. विहिरीकडे थोडी ओली आहे. निंबाखाली लिंबोळ्या टोचतात. ते मान हलवतात आणि म्हणतात, "हो, तिथं टोचतेच."