काळे दगड, पांढरे दगड

एप्रिल म्हणजे उन्हाळा, असं समजून जर्मनीत फिरायला निघणाऱ्या माणसाचं काय होतं ते सांगतो. शनिवारी बर्लिनहून दोन तासांचा प्रवास करून ड्रेस्डेनच्या नॉयश्टाट स्टेशनवर उतरलो, तेव्हा लख्ख ऊन. जॅकेट बॅगेत कोंबलं. एल्ब नदीच्या पुलापर्यंत पोचलो तर पाऊस, आणि पूल ओलांडून जुन्या शहरात शिरतोय तोवर चक्क गारा! या लहरी हवेला जर्मनमध्ये 'एप्रिलवेटर' असा खास शब्दच आहे. ऑफिसातल्यांनी बजावलं होतं, पण ऐकतो कोण?

कुडकुडत फ्राउएनकिर्शंसमोर पोचलो. हे चर्च १७४३ मध्ये पूर्ण झालं. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बहल्ला सुरू झाला. त्यात सुमारे २५,००० माणसं गेली. चर्चचा दगडी घुमट दोन दिवस तग धरून होता, १५ तारखेला तोही कोसळला. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा तसाच ठेवला होता, स्मारक म्हणून.

१९९४ मध्ये पुन्हा बांधायला घेतलं. ढिगाऱ्यातला एकेक दगड मोजला, नंबर घातले, फोटो काढले आणि मूळ जागा कोणती असेल हे कॉम्प्युटरच्या मदतीनं शोधलं. जुना कोड वाचायचा कंटाळा आला की 'सगळं नव्यानं लिहू' म्हणणारे आम्ही! मला जरा लाजच वाटली.

२००५ मध्ये चर्च परत उघडलं. घुमटावरचा नवा सोनेरी क्रॉस लंडनच्या एका सोनारानं घडवलाय. त्याचे वडील त्या हल्ल्यातल्या एका विमानाचे वैमानिक होते.

तेवढ्यात ऊन पडलं आणि भिंत नीट दिसली. नवे दगड फिकट पिवळसर, आणि मध्ये मध्ये जुने, काळे. हा वाळूचा दगड वर्षानुवर्षं हवेत राहून काळा पडतो. शेजारी छत्री मिटत असलेल्या एका आजींनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "मी लहान होते तेव्हा इथे नुसता ढिगारा होता." मग भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "हे नवे दगडपण होतील काळे. मग काही ओळखू येणार नाही."

आता खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आमचं वाईचं घर आठवलं. ते पाडून तिथे बिल्डिंग होतेय. गेल्याच आठवड्यात आईनं विचारलं होतं, "पुढच्या दाराचं काय करू? जुनं लाकूड घेणारा आलाय." मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालो होतो, "देऊन टाक गं, फ्लॅटमध्ये कुठे ठेवणार?" त्याच दाराच्या चौकटीवर आजोबांनी माझ्या उंचीच्या खुणा केल्या होत्या.

तिथूनच फोन लावला.

"आई, दार देऊ नकोस."

"अरे, कालच नेलं त्यानं. चौकटीसकट."

काय बोलावं सुचेना. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती.

"ऐकतोयस ना? कडी तेवढी काढून ठेवलीय मी. आलास की बघ."