पाटीवरचे नाव आणि लेकराचा जीव

आपल्या वस्त्यांमध्ये डॉक्टरच्या शब्दाला मोठा मान आहे आणि तो असायलाच हवा. पटकीच्या साथीत ज्यांच्या आज्या-पणज्या मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढून नेत होत्या, त्यांच्या सुना-नाती आज लेकरांना लस टोचून घेण्यासाठी सकाळपासून रांगेत उभ्या राहतात. हा बदल आपोआप झालेला नाही. बाबासाहेबांनी आपल्याला देव्हाऱ्यापुढून उठवले आणि विज्ञानाच्या दारात आणून बसवले. अंगारे-धुपारे गेले, गंडेदोरे गेले. परंतु जो मान आपण देवऋषाकडून काढून डॉक्टराला दिला, त्याच मानावर डोळा ठेवून आता काही मंडळी डॉक्टरी भाषेत जुनाच अंगारा विकू लागली आहेत. त्यांच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

पुण्यातील नदीकाठच्या एका वस्तीतले कुटुंब आम्हाला भेटायला आले. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरची धुणीभांडी करते. लेकरू अकरावीत, वाणिज्य शाखेला. जन्माने मुलगा, परंतु ते सांगते की, मी आतून मुलगी आहे, लहानपणापासून आहे. घरात मारहाण झाली, बोलणे बंद झाले, शाळेतल्या पोरांनी जिणे नकोसे केले. अशा वेळी कोणीतरी त्यांच्या हाती एक पत्रक दिले. पत्रक काढणाऱ्या संस्थेच्या नावात 'अखिल भारतीय', 'वैद्यकीय', 'संशोधन' आणि 'परिषद' असे चार भारदस्त शब्द होते. एकवीस दिवसांचे शिबिर, फी पस्तीस हजार, आणि 'मूल पूर्ववत होण्याची शंभर टक्के खात्री'.

आई म्हणाली, "दादा, वीस हजार बचत गटातून उचलते, बाकीचे कानातले मोडून भरते. पण माझं लेकरू सरळ होऊ द्या."

लेकरू कोपऱ्यात बसले होते. ते एवढेच म्हणाले, "मला काही झालेलं नाही. मला शिकू द्या."

आम्ही कारकुनी करणारे माणूस. औषधातले आम्हाला कळत नाही, पण कागद वाचता येतो. म्हणून आम्ही म्हणालो, "वहिनी, पैसे देण्याआधी हा कागद आपण नीट वाचू." आणि तो वाचला.

पहिली गोष्ट, संस्थेचा नोंदणी क्रमांक ठळक छापला होता. लोकांना वाटते, नोंदणी म्हणजे सरकारचा शिक्का. तसे नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे एकत्र आली की संस्था उभी राहते. क्रीडा मंडळाचीही नोंदणी होते, भजनी मंडळाचीही होते. नोंदणी झाली म्हणून त्या सात जणांना वैद्यक येते असा अर्थ होत नाही. दुसरी गोष्ट, पत्रकावर तीन 'डॉक्टरां'ची नावे होती, पण एकाच्याही नावापुढे वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता. वास्तविक २००२ च्या नियमांप्रमाणे ॲलोपॅथीच्या प्रत्येक डॉक्टरने आपला क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर लिहिला पाहिजे. तिसरी गोष्ट, पैसे संस्थेच्या नावे नव्हे, तर एका माणसाच्या खात्यावर मागितले होते आणि पावतीचा कोठे उल्लेखच नव्हता. आपल्या राज्यात १९५० च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक संस्थेला तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयात सादर करावे लागतात. जिला पावती द्यायची नाही, तिला हिशेब कोणता आणि संशोधन कोणते?

चौथी गोष्ट मात्र समजायला थोडा वेळ लागला. पत्रकात लिहिले होते की, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयानेही हेच सांगितले आहे. अमेरिका म्हटले की आपल्याकडे वाद संपतो. पण हे महाविद्यालय कोणते? अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची जुनी आणि मोठी संघटना 'अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स' ही आहे. ती १९३० साली स्थापन झाली आणि तिचे सुमारे ६७ हजार सभासद आहेत. समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक घेऊ द्यावे, असे तिने २००२ साली म्हटले. ते न रुचलेल्या काही डॉक्टरांनी त्याच वर्षी वेगळी चूल मांडली आणि तिला नाव दिले 'अमेरिकन कॉलेज ऑफ पेडिॲट्रिशियन्स'. तेथे वर्ग भरत नाहीत, पदवी मिळत नाही आणि सभासदही मूळ संघटनेच्या मानाने मूठभर. पण नाव असे की ऐकणाऱ्याला हीच मुख्य संस्था वाटावी. २०१० साली या मंडळींनी शाळांच्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. त्यांत ज्यांच्या लेखनाचा हवाला दिला होता, ते थोर जनुकशास्त्रज्ञ फ्रान्सिस कॉलिन्स यांनीच आपल्या म्हणण्याचा विपर्यास केल्याचे जाहीरपणे सांगितले. अशा संस्थेचे नाव समुद्र ओलांडून पुण्याच्या वस्तीत येते आणि एका मोलकरणीच्या कानातले मोडायला निघते. अज्ञानाचा व्यापार किती लांबवर चालतो पहा!

आता कोणी विचारील, मग या प्रश्नावर डॉक्टरांमध्ये खरा मतभेद नाहीच काय? आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला. वयात येणे लांबवणाऱ्या औषधांबाबतचा पुरावा दुबळा आहे, म्हणून मुलांच्या बाबतीत फार सावधपणे चालावे, असे त्यात म्हटले. त्या देशाने ही औषधे नेहमीच्या उपचारातून काढली. अमेरिकेतील ॲकॅडमीने २०२३ साली आपले जुने धोरण कायम ठेवले, पण पुराव्याची नव्याने छाननी करायचेही ठरवले. याला म्हणतात वाद. दोन्ही बाजू आपला पुरावा टेबलावर ठेवतात आणि तो अपुरा असेल तर तसे सांगतात. डॉ. कॅस यांनीही अशा मुलांना खोटे किंवा विकृत ठरवलेले नाही. त्यांना सन्मानाने आणि समग्र काळजी मिळावी, असाच त्यांचा आग्रह आहे. औषध केव्हा द्यावे, हा शास्त्राचा वाद आहे. लेकराला एकवीस दिवसांत 'पूर्ववत' करतो, ही लबाडी आहे. या दोन्हींत गल्लत होता कामा नये.

आपल्या देशापुरते पाहिले तर 'पूर्ववत' करण्याच्या धंद्याविषयी शंका उरलेली नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ७ जून २०२१ रोजी न्या. आनंद वेंकटेश यांच्या निकालात अशा उपचारांना मनाई करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले की, असा उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन समजावे. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात ही बाब मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून टाकली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही स्पष्ट म्हटले आहे की, समाजाच्या नीतिकल्पनांशी किंवा धर्मश्रद्धांशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. जो आजारच नाही, त्याच्यावर शंभर टक्के गुण देणारा माणूस कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

आई-वडिलांची भीती मात्र आम्ही खोटी मानत नाही. त्या वडिलांनी विचारले, "उद्या पोरानं ऑपरेशन करून घेतलं आणि परवा पस्तावलं तर?" हा बापाचा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. उत्तर असे की, लेकराचे ऐकणे आणि लेकरावर शस्त्र चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न मारणे, शाळेतून न काढणे, नीट बोलणे याला कोणत्याही ऑपरेशनची गरज लागत नाही. आणि घाईला तर न्यायालयानेच आळा घातला आहे. ज्या बालकांच्या शरीराची ठेवण जन्मतः मुलगा-मुलगी अशी स्पष्ट नसते, त्यांच्यावर मोठ्यांच्या मर्जीने शस्त्रक्रिया करू नयेत, असे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. मूल मोठे होऊन स्वतः ठरवील, तोपर्यंत थांबा, असा त्याचा अर्थ. आपल्याच महाराष्ट्रात माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची शस्त्रक्रिया २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात झाली. ती सज्ञानपणी, रीतसर तपासण्या होऊन.

उलट धोका दुसऱ्या बाजूनेही आहे. घरात कोणी ऐकून घेत नाही, तेव्हा लेकरे मित्रांच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून गिळतात, इंजेक्शने टोचून घेतात, नाहीतर घर सोडून भलत्याच्या हाती अघोरी शस्त्रक्रिया करून घेतात. यात रक्ताच्या गाठी होतात, जीवही जातो. पुण्यात या समाजासाठी 'मित्र क्लिनिक' नावाचा दवाखाना होता. अमेरिकेची मदत थांबली आणि जानेवारी २०२५ मध्ये तो हैदराबाद व कल्याणच्या दवाखान्यांबरोबर बंद झाला. खरा दवाखाना बंद होतो तेव्हा गरज बंद होत नाही. तिच्या वाटेवर तोतये दुकान मांडून बसतात.

'हा आपला प्रश्न नाही, हे श्रीमंतांचे चोचले आहेत,' असे आमचे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी इतिहास आठवावा. १८७१ च्या ज्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचे फर्मान होते. त्यांच्या घरात सोळा वर्षांखालील मुलगा आढळला तरी तुरुंगवासाची शिक्षा होती. मुलांच्या रक्षणाचे नाव आणि माणसांना ठेचण्याचे काम, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. आज दिशा पिंकी शेख यांच्यासारखी कवयित्री वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ती म्हणून २०१९ पासून आपल्यासमोर आली आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले. ही माणसे आपल्याच वस्त्यांतून आलेली आहेत.

आणि धम्म काय सांगतो? केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखा, अहित दिसले तर टाका. पत्रकावरच्या भारदस्त नावालाही हाच नियम लागू आहे. विनयपिटकाच्या पाराजिका ग्रंथात एक प्रसंग आहे. एका भिक्खूच्या ठायी स्त्रीचे लक्षण प्रकट झाले. गोष्ट तथागतांपर्यंत गेली. त्यांनी त्याला संघातून हाकलले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तेवढीच वर्षे कायम ठेवून भिक्खुणींमध्ये राहण्याची अनुमती दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी संघात जागा होती, मग आपल्या दोन खोल्यांत का नसावी?

लैंगिक प्रश्नांवर बोलणेच अश्लील, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांचे उदाहरण पुरे आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशा प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली खटला झाला. त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे राहिले. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला; पण ज्ञानाची बाजू कोणती, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

त्या कुटुंबाने पैसे भरले नाहीत. लेकराला घेऊन आई सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेली. तेथील डॉक्टरांनी सांगितले की हा आजार नाही. पण मारहाणीने आणि चिडवण्याने लेकराची झोप उडाली आहे, मन खचले आहे, त्यावर काम करू. ते काम चालू आहे. वडील अजून मोकळेपणाने बोलत नाहीत, पण ताट एकत्र मांडू लागले आहेत. लेकरू बारावीची तयारी करते आहे. सर्व काही सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण कानातले शाबूत आहे आणि लेकरू घरात आहे.

माता-भगिनींनो आणि बांधवांनो, एवढे करा. कोणतीही 'परिषद' दारात आली तर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदीशी ताडून पहा. पावती मागा. शंभर टक्के खात्री देणाऱ्याला चहाही पाजू नका. मनावर ताण असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला. मूल संकटात असेल तर १०९८ आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने हा विषय एकदा तरी काढावा. वस्तीत असे लेकरू असेल तर त्याला नावे ठेवणाऱ्यांना आधी थांबवावे. फी, शिबिर, पत्रक हे सर्व मागाहून येते. लेकरू एकटे पडल्याची बातमी त्या मंडळींना आधी लागते. ती बातमी त्यांच्याआधी आपल्याला लागली पाहिजे.

जयभीम!