चामड्याचा गोफ

वस्तूची किंमत ती हरवल्यावर कळते, हे वाक्य मी निबंधांत अनेकदा लिहिले होते. परंतु त्याचा अर्थ मला गतवर्षी रामटेकजवळील खिंडसी तलावाच्या काठी उमगला. आमच्या बालवीर पथकाचा तेथे तळ पडला होता. माझ्या गळ्यात आजोबांची पितळी शिट्टी होती. जंगलखात्याच्या नोकरीत ती त्यांनी तीस वर्षे वापरली होती. मी मात्र ती बाजारातील एका चकचकीत दोरीत अडकविली होती. पाण्यावर वाकलो असता दोरीची कडी निसटली आणि शिट्टी पाहता पाहता दिसेनाशी झाली.

आजोबा रागावतील असे वाटले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून आपले होकायंत्र काढून माझ्या हाती ठेविले व म्हणाले, "आता हे तुझे. दोरी तेवढी नीट पाहून घे." ते रागावले असते तर बरे, असे मला झाले.

प्रतापनगरात आमच्या घरापासून जवळच, एका निंबाखाली, एक वृद्ध चर्मकार बसतात. तरुणपणी ते पोळ्याच्या बाजारासाठी आसूड विणीत असत. त्यांच्याकडे जाऊन मी म्हणालो, "काका, मला एक मजबूत गोफ करून द्या. पैसे देतो."

"करून देतो, बाळ, पण उद्या सैल झाला तर नीट कोण करील? बस इथं. घाई कायची आहे?"

अशा रीतीने मी शिष्य झालो. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे त्यांनी निवडले. ते ताणले तरी फारसे लांबत नाही. तयार गोफ दोन हात हवा असेल तर वाद्या तीन हात घ्याव्या लागतात, कारण विणीत लांबी खर्ची पडते. रापीने चार वाद्या अगदी सारख्या रुंदीच्या कापणे, हेच सर्वांत अवघड काम. जेथे वादी अरुंद, तेथेच गोफ तुटावयाचा. नंतर वाद्या पाण्याने दमट करावयाच्या, म्हणजे त्या वळतात व वाळल्यावर वीण घट्ट बसते. उजवीकडील शेवटची वादी मागून दोन वाद्यांपलीकडे न्यावी आणि एकीवरून परत आपल्या बाजूस आणावी. मग डावीकडील वादी तशीच. एवढीच काय ती विद्या! परंतु प्रत्येक वेळी ओढ सारखी हवी. माझा पहिला गोफ सापासारखा वाकडा झाला. काकांनी तो शांतपणे उसविला. दुसराही उसविला. कोल्हापुरी चपलेवरील सुंदर वेणी पाहताना तीमागे किती उसवणे असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता.

आता एक गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. पण ती लिहिल्यावाचून हा लेख खरा होणार नाही. पाचव्या दिवशी माझा एक वर्गमित्र तेथून चालला होता. त्याने विचारले, "येथे काय करतोस?" मी हातातील वाद्या झटकन खाली टाकल्या आणि म्हणालो, "काही नाही. जोडा शिवावयास दिला आहे." काकांनी मान वर केली नाही. त्यांनी वाद्या उचलल्या, धूळ पुसली आणि वाळू नयेत म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेविल्या.

रात्री मी हे आजोबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "गोफ पक्का होत असेल; तू मात्र तेथे तुटलास."

मला झोप आली नाही. यापो येथे पेत्र शिमोन नावाच्या चर्मकाराच्या घरी पुष्कळ दिवस राहिला, हे मी शाळेच्या प्रार्थनेत ऐकले होते. १८०५ साली श्रीरामपूरहून मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध करणारे विल्यम केरी तरुणपणी जोडे शिवीत असत, हे मला पाठ होते. संत रोहिदासांची थोरवीही मी निबंधात गायिली होती. गिलवेल पार्क येथे १९१९ साली बालवीर नायकांचा पहिला शिक्षणवर्ग झाला, तेव्हापासून नायकांना चामड्याच्या वादीत ओवलेले लाकडी मणी मानचिन्ह म्हणून मिळतात, ही माहिती मी परीक्षेत लिहून गुण मिळविले होते. एवढे ज्ञान असून एका मित्राच्या प्रश्नासरशी ते सारे नाहीसे झाले!

दुसऱ्या दिवशी मी त्याच मित्राला हात धरून निंबाखाली नेले. "हे माझे गुरुजी," मी म्हणालो, "आणि काल मी तुझ्याशी खोटे बोललो." काकांनी मित्राकडे पाहिले व आपले गोणपाट थोडे सरकवून त्यालाही जागा करून दिली. काल घडलेल्या गोष्टीविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. क्षमा कशी करावी, हे मी त्यांच्याकडून वादी कापण्याआधी शिकावयास हवे होते.

आठव्या दिवशी गोफ पुरा झाला. फळीखाली लाटून तो गोल केला, एरंडेलाचा हात फिरविला आणि त्यात होकायंत्र बांधले. काकांनी तो दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहिला व म्हणाले, "टिकंल."

खिंडसीच्या पाण्यातील शिट्टी परत येणार नाही. परंतु होकायंत्र गळ्यात घालताना माझी बोटे त्या विणीवरून फिरतात आणि सारखी ओढ ठेवण्याची आठवण देतात. ही ओढ वाद्यांना हवी, तशीच ती आपल्या बोलण्यात व वागण्यातही हवी. विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्या घराजवळही असे एखादे झाड असेल. त्याखाली कोण बसले आहे, हे एकदा थांबून पाहा.