हवापाणी

मराठीत ‘हवापाणी’ हा मोठा मनोज्ञ जोडशब्द आहे. जुन्या पत्रांतून तो हमखास भेटतो. बदलीच्या गावी गेलेला मुलगा ‘येथील हवापाणी मला मानवले आहे’ असे वडिलांना कळवीत असे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला वैद्य ‘हवापालट’ करावयास सांगत. एखाद्याला परगावचे पाणी ‘बाधले’ असेही म्हटले जाई. या साऱ्या शब्दप्रयोगांमागे एक जुनी जाण आहे. माणसाचे शरीर त्याच्या कातडीपाशी संपत नाही, भोवतालची हवा आणि पाणी हाही त्याच्या प्रकृतीचाच भाग असतो, ही ती जाण. आम्ही दोघे गेली बरीच वर्षे इचलकरंजीतील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. समासाच्या तासाला हा शब्द आम्ही फळ्यावर कितीदा लिहिला असेल! त्याचा अर्थ मात्र आम्हांला २०१२च्या उन्हाळ्यात कळला.

त्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. परीक्षांचे दिवस होते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आमची एक विद्यार्थिनी एके दुपारी स्टाफरूममध्ये आली. लग्न होऊन वर्ष झालेले, सातवा महिना लागलेला. ‘‘मॅडम, लई दमल्यासारखं हुतंय. अन्नावरची वासनाच गेलीया,’’ ती म्हणाली. साथीची बातमी तोवर आमच्या कानांपर्यंत नीटशी आली नव्हती. ‘‘या दिवसांत व्हायचंच असं. परीक्षा तेवढी चुकवू नकोस,’’ असे आम्ही तिला वडीलधारेपणाने सांगितले आणि कोपऱ्यातल्या माठातले पाणी पेल्यात भरून तिच्या हाती दिले. पुढच्या पेपराला तिची जागा रिकामी होती. तिचे डोळे पिवळे झाल्याचे आणि तिला दवाखान्यात हलवल्याचे मैत्रिणींकडून समजले. ती वाचली. मूल वाचले नाही.

तो पाण्याचा पेला पुढे कितीतरी दिवस आमच्या डोळ्यांसमोरून हलेना. आपणच तर तिला विष पाजले नाही ना, या शंकेने आम्ही दोघेही एकमेकांशी न बोलता अस्वस्थ होतो. अखेर कवितेची पुस्तके बाजूला ठेवून आम्ही वैद्यकाची पुस्तके उघडली. त्या पेल्याने तिला आजार झाला नव्हता, हे त्यांतून कळले. त्या साथीमागे ‘हेपॅटायटिस ई’ नावाचा विषाणू होता. तो पोटात गेल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत साधारण दोन ते दहा आठवडे जातात. ती आमच्याकडे आली तेव्हा आजार तिच्या अंगात आधीच होता. पण त्याच पानावर दुसरेही एक वाक्य होते. एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाणारी ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत प्राणघातक ठरू शकते. पेल्याच्या बाबतीत आम्ही सुटलो, आमच्या त्या वडीलधाऱ्या वाक्याच्या बाबतीत सुटलो नाही. या विषाणूवर हमखास औषध नाही, हे खरे. तरीही ती आठवडाभर आधी डॉक्टरांच्या नजरेखाली गेली असती तर, हा प्रश्न उरतोच.

पाण्यातून येणाऱ्या या दुखण्याची रीत मोठी फसवी आहे. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते, तिच्यात उतरणारे सांडपाणी मात्र तेवढेच राहते. नळाला ठरावीक वेळच पाणी येते. उरलेल्या वेळी नळी रिकामी असते, आतला दाब गेलेला असतो आणि जुन्या सांध्यांतून, भेगांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. घरात येणारे पाणी दिसायला स्वच्छ असते. ते प्यायल्यावर महिना-दीड महिन्याने माणूस आजारी पडतो, तेव्हा कोणत्या दिवशीचे कोणते पाणी बाधले हे त्याला आठवणे शक्यच नसते. कार्यकारणाचा धागा असा मध्येच तुटल्यामुळे दोष नशिबाच्या माथी मारणे सोपे जाते.

हे प्रथमच घडत होते असेही नाही. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात, पाणी उचलण्याच्या ठिकाणीच, नाल्याचे सांडपाणी शिरले होते. तेव्हा सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज आहे. त्या साथीतील साठवून ठेवलेले रक्तनमुने बऱ्याच वर्षांनी तपासले गेले, आणि ही कावीळ वेगळ्याच विषाणूची असल्याचे उमगले. म्हणजे आमच्या गावाने जो धडा २०१२ साली घेतला, तो देशापुढे अर्धशतकाहून अधिक काळ उघडा पडलेला होता.

पाणी निदान उकळून घेता येते. हवेचे काय करावे? आमच्या गावात यंत्रमाग आहेत, सूतगिरण्या आहेत, सायझिंगची धुराडी आहेत. भोवतालच्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडतात. आम्ही ते ठिपके पाहून चिडत असू. वाचनानंतर कळले की डोळ्यांना दिसणाऱ्या काजळीपेक्षा न दिसणारी धूळ अधिक घातक असते. मोठे कण नाकात, घशात अडतात. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक असलेले कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत जातात. त्यांतले काही रक्तातही उतरतात. त्यामुळे दम्याबरोबरच हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. बाहेरच्या दूषित हवेची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली कर्करोगाच्या कारणांत केली. या सूक्ष्म कणांची वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे त्या संघटनेने २०२१ साली सांगितले. आपल्याकडे २००९ साली ठरलेली मर्यादा ४० आहे.

सूतगिरणीत राबलेल्या एका पालकांनी आम्हांला एकदा सांगितले होते, ‘‘सुटीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळून यायची, मग दोन दिवसांत बरं वाटायचं.’’ आम्ही ते आळसाचे लक्षण समजून हसलो होतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या ‘बिसिनोसिस’ या फुप्फुसाच्या रोगाची हीच खूण आहे, हे आम्हांला फार उशिरा ठाऊक झाले. शब्दांचा अर्थ लावणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी माणसांच्या बोलण्याचा अर्थ असा दोनदा चुकवावा, याची खंत वाटते.

कायदे नाहीत असे नाही. पाण्यासाठी १९७४चा आणि हवेसाठी १९८१चा कायदा आहे. प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटले. ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थ ‘पाणी’ असाही कोशात आहे. कोशकारांना जे माहीत होते, ते न्यायालयाला निकालपत्रात लिहावे लागले.

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पंचगंगेचे मूळ शोधायला तसे कष्ट नाहीत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती यांच्या मीलनातून ती प्रयाग चिखलीला सिद्ध होते, कोल्हापूरला वळसा घालून आमच्याकडे येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. हे वर्णन आम्ही वर्गात रंगवून सांगत असू. वाटेत तिच्यात काय काय सोडले जाते, हे सांगत नसू. साथीच्या काळात गावातील चर्चा नेहमी वरच्या गावांनी नदीत काय सोडले याभोवती फिरे, आणि आम्हीही त्यात हिरिरीने भाग घेत असू. पण आमच्याही गावाचे सांडपाणी, रंगाचे पाणी कुठेतरी जातेच. खाली शिरोळ तालुक्यातील माणसे त्याच नदीचे पाणी वापरतात. त्यांच्या दृष्टीने आम्ही ‘वरचे गाव’ आहोत, हे एकानेही त्या चर्चेत म्हटले नाही. आम्ही दोघांनीही नाही.

ती विद्यार्थिनी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली. पेपर संपल्यावर भेटायला आली. अंगाने वाळली होती, पण बोलणे पूर्वीसारखेच मोकळे होते. आमच्या त्या वाक्याबद्दल आम्हांला तिची क्षमा मागायची होती. ती कशी मागावी हे मराठीच्या दोन प्राध्यापकांना सुचेना. शेवटी एकाने सवयीने माठाकडे हात नेला. ‘‘नगो सर, माझ्याजवळ हाय,’’ असे म्हणून तिने पिशवीतून घरून उकळून आणलेल्या पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून आमच्यापुढे धरली. ‘‘तुमीच घ्या हे.’’

त्या दिवसापासून आमच्या विभागाच्या माठात उकळून गार केलेले पाणीच भरले जाते. समासाच्या तासाला ‘हवापाणी’ फळ्यावर लिहिल्यावर आम्ही विग्रहापाशी थांबत नाही. तुमच्या घरी पाणी कुठून येते आणि वापरून झाल्यावर ते कुठे जाते, हे मुलांना लिहून आणायला सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक सर्वांना येते. दुसऱ्याखालची जागा पुष्कळ वह्यांत कोरी असते.